पहिली ओळ

१

मी करमणुकीच्या बागेत कामाला आहे हे कळलं, की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘गाडी मध्येच अडकली तर हो?’ विचारताना डोळे असे चमकतात की वाटावं, अडकावीच अशी यांची इच्छा आहे. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला. ‘माणसं उलटी लटकतात का?’

नाही लटकत. रोलर कोस्टरची गाडी एकदा शिखरावरून सुटली की स्वतःच्या वजनाने धावते, ती सहसा कुठे मध्ये थांबत नाही. थांबते ती चढावर. चढावर तिला स्वतःचं बळ नसतं. खालून एक साखळी तिला ओढत नेते, आणि रुळालगतच्या एखाद्या सेन्सरला नुसती शिंक आली तरी साखळी थांबते. गाडी मागे घसरू नये म्हणून रुळात दातेरी पट्टी बसवलेली असते. चढताना जो खट-खट आवाज येतो तो तिचा. साखळी थांबली की तो आवाजही थांबतो आणि माणसं मांडीवर सुरक्षेचा दांडा घेऊन, आकाशाकडे तोंड करून बसून राहतात. बाकी काही होत नाही.

मग मी वर जातो. तेच माझं काम.

रुळाच्या कडेने एक अरुंद लोखंडी जिना आहे. डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि कमरेला दांडे उघडायची तरफ घेऊन मी तो चढतो. गाडीच्या मागच्या ओळीपासून पुढे जातो आणि पहिल्या ओळीतल्या लोकांना आधी सोडवतो. पुढच्यांना समोर नुसतं आकाश दिसतं, त्यामुळे आधी धीर सुटतो तो त्यांचा. ‘अभिनंदन, वरची हवा तुम्हाला जास्तीची मिळाली,’ असं म्हणत मी दांडा उचलतो. कुणी हसत नाही, पण रडतही नाही. एकेका ओळीला खाली पोचवायचं आणि पुन्हा वर यायचं. नियम एकच: वर गप्पा मारायच्या नाहीत, जे काय बोलायचं ते खाली उतरून. बोलण्याच्या नादात पाय चुकतो.

जिना शिखरापर्यंत जातो. तिथे एका माणसाला उभं राहता येईल एवढा लोखंडी ओटा आहे, त्याला जाळीचं छोटं फाटक आणि फाटकाला कुलूप. दुरुस्तीवाले कमरेला दोर बांधून तिथून पलीकडे उतरतात. इतर कुणी नाही, कारण पलीकडे जिना नाही. रूळ सरळ खाली कोसळतो.

२

त्या दिवशी माझी ताई आणि भाची बागेत आल्या होत्या. रविवारची दुपार होती. वारा नव्हता, ऊन मात्र चांगलं होतं. ताई अशा ठिकाणी येते ती फक्त पिशव्या सांभाळायला. बाकड्यावर पिशव्यांची तटबंदी करून ती मध्ये बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या पोरांच्या आयांना मनातल्या मनात नावं ठेवत होती. ते तिच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

‘तू नाही बसत?’ मी विचारलं.

‘मला मेलीला काय धाड भरलीय? संसारात कमी वरखाली झालं का?’

भाची नुकती कॉलेजात जाऊ लागली आहे. ती रांगेत जाऊन उभी राहिली. मी फलाटाजवळच्या आमच्या खोलीत बुटांचे बंद सैल करून बसलो होतो. फलाटावरच्या काचेच्या केबिनमध्ये गाडी चालवणारा होता. त्याला सगळे कप्तान म्हणतात, कारण तो गळ्यात शिट्टी घालून फिरतो आणि जेवणाच्या डब्यासमोरही हुकूम सोडतो. गाडी सुटल्याची घंटा ऐकू आली, मग चढावरचं खट-खट-खट. त्या आवाजाकडे आम्हा कुणाचं लक्ष नसतं. घरातल्या घड्याळाची टिकटिक थांबल्यावरच लक्षात येते, तसंच हे.

ते थांबलं.

‘निघ रे,’ वॉकीवर कप्तान म्हणाला. ‘चढावर. शिखराच्या जरासं अलीकडे.’

बंद बांधताबांधता मला आठवलं की भाची त्याच गाडीत आहे. बाहेर आलो तर ताई बाकड्यावरून उठून वर बघत होती. एक पिशवी लवंडली होती आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

‘काही नाही गं,’ मी ओरडलो. ‘रोजचं आहे!’

३

अडकलेल्या गाडीतून नेहमी आवाज येत असतात. कुणी शिव्या देतं, कुणी मोठमोठ्याने हसतं, कुणी खालच्या माणसांना हाका मारतं. त्या दिवशी मी अर्धा जिना चढलो तरी वर शांतता होती. माझ्या बुटांचा आवाज आणि हाताखाली तापलेला कठडा, एवढंच.

मागच्या ओळीत एक जाडजूड गृहस्थ बायकोचा हात धरून बसले होते. मला पाहून म्हणाले, ‘हां, आता आम्हाला नेताय का?’

‘पुढून सुरुवात करतो, काका. तुमचाही नंबर येतोच.’

‘पुढच्यांना तर नेलंत की मघाशी.’

भीतीने माणूस काहीही बोलतो. मी मान डोलावली आणि पुढे गेलो. पण पुढच्या ओळींमधूनही माझ्याकडे तशीच नजर येत होती. त्या नजरेत भीती नव्हती. निरोप घेऊन गेलेला पाहुणा लगेच पुन्हा दारात दिसावा, तेव्हा यजमान जसा बघतो, तसे ते बघत होते.

पहिली ओळ रिकामी होती. दोन्ही दांडे सरळ वर उभे होते.

मी कमरेला हात लावला. तरफ जागच्या जागी होती. तिच्याशिवाय दांडा उघडत नाही, आणि दांडा उघडा असला तर गाडी फलाटावरून हलतच नाही. म्हणजे सुटताना दांडे बंद होते. ते इथे, वर, कुणीतरी उघडले होते. जिना एकच, आणि मला वाटेत कुणी भेटलं नव्हतं.

दुसऱ्या ओळीत भाची होती. तिच्या शेजारची बाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. भाचीचे डोळे मात्र सताड उघडे होते.

‘चल बाळा,’ मी तरफ काढली. ‘आधी तुलाच नेतो.’

तिने दोन्ही हातांनी दांडा घट्ट दाबून धरला. ‘थांब. हात लावू नकोस.’

‘अगं, मी आहे.’

‘लहानपणी मला काय म्हणायचास? आधी ते सांग.’

‘हे काय आत्ता?’

‘सांग!’

‘किटली,’ मी म्हणालो. ‘रडायला लागलीस की आधी शिट्टी वाजायची तुझी, म्हणून.’

तिचे हात सैल पडले आणि खरोखरच, इतक्या वर्षांनी, तिच्या घशातून ती शिट्टी निघाली. मग ती म्हणाली, ‘त्याला नाही सांगता आलं.’

‘कुणाला?’

‘मघाशी तू आलास ना, तेव्हा. मी विचारलं तर नुसता हसलास… हसला. म्हणाला, तू नंतर ये.’ तिने हनुवटीने शिखराकडे खूण केली. ‘तिकडे घेऊन गेला. मामा, पुढे आपले—’

‘वर बोलायचं नाही,’ मी म्हणालो. तोंडात बसलेलं वाक्य होतं, आपोआप बाहेर पडलं. ‘आधी उतर. मग सगळं सांग.’

मी शिखराकडे पाहिलं. फाटक बंद होतं, कुलूपही होतं. पलीकडे नुसतं पांढरं, तापलेलं आकाश.

४

ती खाली उतरली. ताईने तिला पोटाशी धरलं, मग पाठीत धपाटा घातला, मग पुन्हा पोटाशी धरलं. बाकीच्यांना मी एकेक ओळ करून उतरवलं. शेवटचे काका उतरल्यावर आमचे साहेब थंड पाण्याच्या बाटल्या वाटत हिंडले आणि सगळ्यांची माफी मागितली. साहेबांना माफी मागण्याची इतकी सवय आहे की ते ती ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न बघताच मागतात.

मी भाचीजवळ जाऊन बसलो. ‘हां, आता बोल. वर काय सांगत होतीस?’

‘कधी?’

‘पुढे आपले, असं काहीतरी म्हणालीस. पहिल्या ओळीत कोण होतं?’

तिने बाटलीचं झाकण लावलं. ‘पहिली ओळ रिकामी होती ना?’

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलताना ती कान खाजवते, ते मला माहीत आहे. मी त्या काकांना गाठलं. ‘तुम्ही म्हणालात, पुढच्यांना मघाशी नेलं.’

‘मी?’ ते बायकोकडे बघून हसले. ‘अहो, घाबरलो होतो मी. काय काय बरळलो असेन!’

केबिनमध्ये कप्तान घाम पुसत होता. मी त्यालाही विचारलं.

‘पहिली ओळ रिकामी सुटली,’ तो म्हणाला.

‘कप्तान, पहिल्या ओळीसाठी लोक भांडतात. तिच्यासाठी वेगळी रांग लागते. आणि रविवारी दुपारी ती रिकामी सुटली?’

खिडकीतून तो फलाटाकडे पाहत राहिला. पहिल्या ओळीच्या रांगेत तेव्हाही लोक उभे होते आणि गाडी पुन्हा कधी सुरू होणार म्हणून एकमेकांना विचारत होते.

‘सुटली बाबा,’ तो म्हणाला. ‘डोकं नको खाऊस.’

५

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. लोखंड, साखळी आणि वजन यांच्यावर आहे. म्हणून मी मनाशी हिशोब मांडला. दांड्यांची खिट्टी ढिली झाली असेल आणि ते आपोआप वर गेले असतील. वर अडकून बसून, डोक्यावर ऊन घेऊन माणसांना भास होतात. एकाला झाला की तो बोलतो आणि दुसऱ्यालाही तसंच वाटू लागतं. खाली जमिनीवर आल्यावर भास विरतो. सगळं नीट बसत होतं.

दुरुस्तीवाल्यांनी खिट्ट्या तपासल्या. ठाकठीक होत्या. साहेबांनी तरीही नव्या बसवायला सांगितल्या आणि गाडी पुन्हा सुरू झाली.

एक गोष्ट मात्र कुठेच बसत नव्हती. भासात सगळ्यांना मीच कसा दिसलो? मी तेव्हा जिन्याच्या तळाशी होतो. भाची सोडली तर त्यांनी मला आधी कधी पाहिलेलंही नव्हतं.

घरी बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘दुसरं काम बघा.’ तिच्याकडे सगळ्या दुखण्यांवर हेच औषध असतं, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही. पण तेव्हापासून खोलीत बसलो असताना मी बुटांचे बंद सैल करणं सोडून दिलं. चढावरचं खट-खट मला ऐकू येऊ लागलं. गाडी दिवसभरात जितक्या वेळा सुटेल तितक्या वेळा, अगदी शेवटच्या खटक्यापर्यंत, मी श्वास धरून ते ऐकत असे.

६

दुसऱ्यांदा गाडी अडकली ती एका कोरड्या, ढगाळ सकाळी. गर्दी बेताची होती. कप्तानाने ‘निघ’ म्हणायच्या आत मी जिन्यावर होतो.

या वेळी धावत चढलो. वर पुन्हा तीच शांतता होती. मागच्या ओळीतल्या दोन मुली माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पुढे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. माना अशा फिरल्या की मला काही विचारावं लागलं नाही.

पहिल्या ओळीशी एक जण वाकून उभा होता. पिवळं हेल्मेट, पाठीवर बागेचं नाव असलेला निळा शर्ट. माझ्या शर्टाची कॉलर उसवली तेव्हा घरात निळा दोरा नव्हता, म्हणून बायकोने काळ्या दोऱ्याने शिवली होती. त्या शर्टाची कॉलरही काळ्या दोऱ्याने शिवलेली होती.

पहिल्या ओळीत एक बाई होत्या, पन्नाशीच्या आतबाहेरच्या. त्यांचा दांडा वर गेलेला होता आणि एक पाय जिन्यावर होता. त्यांच्या शेजारी…

शेजारी कोण होतं, ते मला आता सांगता येत नाही. मी लपवत नाही. त्या जागेचा विचार केला की तिथे नुसतं आकाश येतं. पण कुणीतरी होतं, एवढं नक्की, कारण बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या शिखराकडे, आपल्या पुढे चाललेल्या कुणाच्या तरी पाठीकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वडीलधाऱ्यांच्या मागे निघताना असतो तसा भाव होता: थोडी काळजी, थोडी घाई, आणि आपल्याला कुठे जायचंय ते ठाऊक असल्याचा निवांतपणा.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. मी त्यांचं मनगट धरलं.

‘अहो, सोडा,’ त्या म्हणाल्या. ‘हे नेतायत ना आम्हाला.’

‘बाई, खाली बसा. माझ्यासोबतही येऊ नका. कुणासोबतच जाऊ नका. फक्त बसा.’

आणि मग तो वळला.

पूर्ण नाही. मान अर्धी फिरली. एक कान, एक गाल आणि हसू फुटू लागलेला ओठाचा कोपरा, एवढंच मी पाहिलं. तो चेहरा माझा होता. पण रोज दाढी करताना आरशात दिसतो तो नव्हे. आरशात सगळं उलटं असतं. माझ्या गालावरचा व्रण मला जन्मभर आरशाच्या त्या बाजूला दिसत आला आहे. त्याच्या गालावर तो खऱ्या बाजूला होता. म्हणजे इतरांना मी जसा दिसतो तसा. बायकोला, ताईला, भाचीला दिसतो तसा. स्वतःला तसं बघायची माणसाला सवय नसते. क्षणभर मला असंही वाटलं, की तोच खरा आहे आणि मी मागून आलेला कुणीतरी.

माझी पकड तेवढ्यापुरती सैल झाली असणार. बाईंनी हात ओढला नाही, हे माझं नशीब. मी पापणी लववली. जिन्यावर पुढे कोणी नव्हतं. फाटक बंद होतं. मात्र त्याची जाळी, वारा नसताना, बारीक थरथरत होती.

बाई बसल्या होत्या. शेजारची जागा रिकामी होती आणि तिचा दांडा वर होता.

७

खाली आल्यावर त्यांना खुर्ची दिली. मी विचारलं, ‘तुमच्यासोबत कोण होतं?’

‘कोणी नाही. मी एकटीच आले होते.’

‘एकट्याच? रोलर कोस्टरवर?’

‘हो.’ मग त्या थांबल्या. ‘खरंच की. मी कशाला येईन इथे एकटी? मला तर पाळण्यातसुद्धा गरगरतं.’ त्यांनी गालाला हात लावला आणि ओल्या बोटांकडे पाहिलं. ‘बघा ना, मला रडू का येतंय?’

‘घाबरला असाल.’

‘नाही हो. भीती नाही वाटत.’ त्या तशाच वाहत्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिल्या. ‘भीती कुठे वाटतेय?’

साहेब माफी मागायला आले तेव्हा मी तिथून निघालो आणि केबिनमध्ये गेलो. कप्तान पडद्यासमोर बसला होता. चढावर एक कॅमेरा आहे, त्याचं चित्र तिथे दिसतं.

‘वर आजोबा कोण होते?’ त्याने न वळता विचारलं.

‘कुठले आजोबा?’

‘तू वॉकीचं बटण दाबून ओरडत होतास. आजोबा, थांबा. आजोबा, मागे फिरा. मी इथे बसून ऐकलं.’ त्याने तोंडावरून हात फिरवला. ‘पडद्यावर तर त्या बाई एकट्याच होत्या.’

मी आठवून पाहिलं. आजोबा हा शब्द माझ्या घशाला आठवत होता. ओरडून तो अजून दुखत होता. पण ती हाक ज्याला मारली, त्याचं काहीच माझ्याकडे उरलं नव्हतं, केस नाही, कपडे नाहीत.

‘आणखी एक सांगतो,’ कप्तान म्हणाला. ‘मागच्या खेपेला सांगितलं नाही. तू या खिडकीसमोरून जिन्याकडे धावत गेलास. मी तुला या डोळ्यांनी पाहिलं. त्याच वेळी पडद्यावर पिवळं हेल्मेट शिखरापाशी होतं. मला वाटलं, चित्र मागेपुढे होतंय.’ त्याने गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. ‘मी साहेबांना सांगणार आहे, मला बागेच्या दारावर तिकिटं फाडायला बसवा.’

मी पायरीवर बसलो. आता हिशोब वेगळा लागत होता, आणि हाच नेमका बसत होता. जो फाटकापलीकडे जातो, तो नुसता जात नाही. खालच्या माणसांच्या डोक्यातून तो लगेच जातो. वरच्यांच्या डोक्यातून जमिनीला पाय लागले की जातो. कुणी शोधत येत नाही, कारण शोधायचं कुणाला हेच उरत नाही. एक बाई खुर्चीवर बसून रडते आणि तिला कारण सापडत नाही, एवढाच काय तो मागमूस.

मग मला मागच्या वेळची पहिली ओळ आठवली. तिथे दोन दांडे वर होते.

पुढे आपले, असं भाची म्हणाली होती. आपले.

८

संध्याकाळी बागेतून निघालो तो थेट ताईकडे गेलो. अजून उजेड होता. ताईची जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, इमारत बांधून होत असतानाच घेतलेली. तिच्याआधी तिथे कोणी राहिलेलं नाही.

‘आज इकडे कुठे वाट चुकलास?’ तिने दार उघडलं. ‘बस. चहा टाकते.’

मी बसलो नाही. घरभर हिंडलो. शेकडो वेळा पाहिलेलं घर होतं, पण नुसतं दिसलेलं आणि लक्ष देऊन पाहिलेलं यात फरक असतो. मागच्या सज्जात नळाच्या वर भिंतीत खिळा होता आणि खिळ्याला एक लहानसा चौकोनी आरसा. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. मला त्यात माझी हनुवटी बरोबर मधोमध दिसली. दाढी करायला अगदी सोयीचा. ताई माझ्या खांद्याला लागते आणि भाची तिच्याहून चार बोटं कमी.

‘ताई, हा आरसा एवढ्या उंच कुणी लावला?’

ती पदराला हात पुसत आली. आरशाकडे पाहिलं, मग टाचा उंचावल्या. तिला त्यात फक्त कपाळ दिसत असणार.

‘असेल आधीच्या लोकांचा.’

‘तुझ्याआधी इथे कोण होतं?’

तिने टाचा खाली टेकवल्या आणि आत गेली. जाताना खोलीकडे बघून तिने हाक मारली, ‘मोठे, ये गं. मामा आलाय.’

भाची बाहेर आली. ही हाक मी तिच्या लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी तिला किटली म्हणायचो आणि ताई मोठी म्हणायची. शेजारीपाजारीसुद्धा मोठीच म्हणायचे.

‘ताई,’ मी म्हणालो, ‘एकुलत्या एका मुलीला मोठी का म्हणतेस?’

स्वयंपाकघरात चमचा डब्यावर वाजला आणि थांबला. भाचीने आईकडे पाहिलं आणि आईने तिच्याकडे. दोघींच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी सकाळी खुर्चीवर बसलेल्या बाईंच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

‘असंच म्हणतो ना आपण,’ ताई सावकाश म्हणाली. ‘पहिल्यापासून.’

‘कुणाच्या पहिल्यापासून?’

‘आई,’ भाची म्हणाली, ‘रडू नकोस ना.’

‘मी कुठे रडतेय?’

आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बसलो. मी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? तुझा नवरा होता, आणि एक धाकटी मुलगी? त्यांची नावं विचारली असती तर मलाही सांगता आली नसती. इतकी वर्षं मी इथे येत होतो. कुणाला तरी भावोजी म्हणत असेन. कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून जेवत असेन. एखाद्या पोरीला खांद्यावर घेऊन जिना चढत असेन, आणि तिलाही काहीतरी लाडाचं नाव ठेवलं असेल. मी जीव तोडून आठवत होतो, आणि तिथे नुसतं पांढरं आकाश येत होतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. इमारतीत लोक येतच असतात. तळमजल्यापासून कुणीतरी वर येत होतं. एक पाऊल जड होतं, दमलेलं. एक हलकं, जे मध्येच दोन पायऱ्या एकदम घेई आणि मग जड पावलासाठी थांबे. आणि दोघांच्या पुढे, वाट दाखवणारं असावं तसं, तिसरं पाऊल. त्याची लय मी ओळखली. माझ्या कामाच्या बुटांच्या टाचांना लोखंडी पट्ट्या आहेत, त्या पायरीला लागल्या की एक विशिष्ट टणक आवाज येतो. माझे बूट दाराच्या आत, चटईवर काढून ठेवलेले होते. मी त्यांच्याकडे बघत होतो.

‘कोण आहे?’ भाची उठू लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

दुसरा मजला म्हणजे फार वर नाही. एव्हाना पावलं दारापाशी पोचायला हवी होती. ती चढतच राहिली. जड, हलकं आणि पुढे ते टणक. ना जवळ येत होती, ना लांब जात होती. हलकं पाऊल आता दोन पायऱ्या एकदम घेत नव्हतं. तेही दमलं होतं.

माझी नजर दाराच्या कडीवर होती. कडी काढावी तर दारात पहिल्यांदा कोण येईल ते मला ठाऊक होतं. न काढावी तर ती दोघं चढतच राहतील. मी उठलो नाही. ना कडी काढायला, ना कुलूप लावायला.

उठली ती ताई. ती दाराकडे गेली नाही. स्वयंपाकघरात गेली. नळ वाजला. उकळत्या आधणात आणखी पाणी पडल्याचा आवाज आला, एक कप, मग दुसरा. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही का म्हणून विचारलं नाही. भाचीने माझा हात घट्ट धरला.

पावलं चढतच होती.